नेफ्यू म्हणजे भाचा की पुतण्या? प्राणी, अन्न आणि नात्यांच्या इंग्रजी शब्दांचा नेमका अर्थ लावण्याची रीत

गेल्या पावसाळ्यात बेळगावजवळच्या खानापूरकडच्या एक मावशी माझ्या टेबलापुढे येऊन बसल्या. प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्यांनी कागदांचं पुडकं काढलं. कडा भिजून कागद एकमेकांना चिकटले होते. त्यांच्या थोरल्या भावाला मूलबाळ नव्हतं. जाताना त्याने मृत्युपत्र करून थोडी भाताची जमीन भाच्याच्या, म्हणजे मावशींच्या मुलाच्या नावे केली होती. इंग्रजी प्रतिज्ञापत्रात मुलाचं नातं 'नेफ्यू' असं लिहिलेलं होतं आणि ते चूक नव्हतं. पण एका कचेरीत त्याचं कानडी करताना 'भावाचा मुलगा' असं झालं. मग पुढच्या टेबलावर शंका निघाली की भावाचा मुलगा असेल तर आडनाव वेगळं कसं? चार महिने कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होते.

मी बेळगावातल्या शहापूरला राहतो. दिवसा भाषांतराचं काम करतो आणि संध्याकाळी गल्लीतल्या पोरांची इंग्रजीची शिकवणी घेतो. दोन्हीकडे एकच दुखणं दिसतं. शाळेत आपण एका इंग्रजी शब्दापुढे एकच मराठी शब्द पाठ करतो. डिअर म्हणजे हरीण, मीट म्हणजे मांस, अंकल म्हणजे काका. परीक्षेपुरतं ते चालतं. पण प्राणी, अन्न आणि नाती हे इंग्रजीतले फार जुने, फार वापरलेले शब्द आहेत. मुलूख बदलला, शतक बदललं, गोठ्यातून ताटात आले की त्यांचा अर्थ बदलतो. तो कसा ओळखायचा हे मी माझ्या मुलांना ज्या क्रमाने शिकवतो, त्याच क्रमाने इथे लिहितो आहे.

सुरुवात घरातल्या शब्दांपासून

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यातल्या माणसाला हे काम इतरांपेक्षा सोपं जायला हवं. घरात मराठी, बाजारात कानडी, कागदावर इंग्रजी असं आपलं रोजचं जगणं आहे. तोच आवाज, पण माणूस बदलला की अर्थ वेगळा, हे आपण लहानपणापासून ऐकतो. आपला कोळी जाळं विणतो किंवा मासे धरतो. कानडीत कोळी म्हणजे कोंबडी. आपली करडी म्हणजे तेलाचं पीक, कानडीत करडी म्हणजे अस्वल. आई हा शब्द तर घ्याच. उत्तर कर्नाटकातल्या अनेक कानडी घरांत आजीला 'आई' म्हणतात. शेजारचं पोर 'आई देवळात गेली' म्हणालं तर कोण गेलं, हे आपण पोर कुठल्या घरातलं आहे त्यावरून ठरवतो.

त्यातला 'अन्न' हा शब्द मला शिकवताना सगळ्यात जास्त उपयोगी पडतो. संस्कृतात आणि मराठीत अन्न म्हणजे खाण्याचं काहीही. कानडीत अन्न म्हणजे शिजवलेला भात. खानावळीत वाढपी भाताचं पातेलं घेऊन येतो आणि 'अन्ना हाकलेन्री?' म्हणून विचारतो, तेव्हा तो फक्त भाताबद्दल विचारत असतो. मोठ्या अर्थाचा शब्द आकसून एका पदार्थापुरता उरला. इंग्रजीत 'मीट' या शब्दाचं अगदी हेच झालं, ते पुढे येईलच. वहीत पहिलं पान अशा घरगुती शब्दांचं करा. दहा शब्द जमले की इंग्रजी शब्द हाताळायची भीती निम्मी होते.

हा एकच शब्द आहे की दोन?

काही वेळा अर्थ बदललेला नसतोच, दोन वेगळे शब्द योगायोगाने सारखे झालेले असतात. मराठीत पालक म्हणजे भाजी आणि पालक म्हणजे मुलाचे आईबाप, हे दोन शब्द आहेत. त्यांच्यात नातं शोधत बसू नये. इंग्रजीत वटवाघळाची बॅट आणि क्रिकेटची बॅट यांचंही तसंच. धान्याचं कॉर्न आणि पायाच्या तळव्याला होणारं कॉर्न, म्हणजे आपलं कुरूप, यांचाही एकमेकांशी संबंध नाही. दुसरा शब्द लॅटिनमधल्या शिंगाच्या शब्दावरून आला आहे. औषधाच्या दुकानात 'कॉर्न कॅप' मिळते ती कुरपाची पट्टी असते.

चांगल्या इंग्रजी शब्दकोशात अशा शब्दांना डोक्यावर बारीक १, २ असे आकडे घालून वेगळ्या नोंदी दिलेल्या असतात. एकाच नोंदीखाली १, २, ३ असे अर्थ असतील तर तो एकच शब्द, पण वाढत गेलेला. हा फरक आधी पाहून घ्यावा, फार वेळ वाचतो.

शब्द कुठे बसला आहे ते पाहा

गोठ्यात, ताटात, दवाखान्यात की बाजारात? डॉक्टरच्या रिपोर्टात 'काफ' लिहिलेलं असेल तर ती पोटरी. दुधाच्या डेअरीच्या कागदावर असेल तर वासरू. 'मोल' जंगलाच्या पुस्तकात बिळात राहणारा प्राणी असतो, त्वचेच्या डॉक्टरकडे तीळ असतो. आपणही धान्याच्या तिळावरून अंगावरच्या डागाला तीळ म्हणतोच. कॅन्सर हा मुळात लॅटिनमधला खेकडा. आपण त्याचं कर्करोग केलं तेव्हा तो खेकडा तसाच ठेवला, कारण कर्क म्हणजेही खेकडा.

गोठा आणि ताट यांच्यातला फरक इंग्रजीत विशेष आहे. १०६६ साली फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या सरदारांनी इंग्लंड जिंकलं. पुढे कित्येक पिढ्या दरबारात आणि मोठ्या घरांच्या पंक्तीत फ्रेंच बोलली जात होती, तर जनावरं राखणारे इंग्रजी बोलत होते. म्हणून कुरणातली शीप ताटात मटन झाली, स्वाइनचं पोर्क झालं, काफचं व्हील, म्हणजे वासराचं मांस, झालं. आपल्याकडेही असंच घडलं आहे. दारात कोंबडी फिरते, ताटात चिकन येतं. बोकड कापतात, मटण शिजतं. त्यांनी ताटातला शब्द फ्रेंचांकडून घेतला, आपण इंग्रजांकडून. मात्र घेताना अर्थ सरकला. इंग्लंडात मटन म्हणजे मेंढीचं मांस, आणि तेही वाढलेल्या मेंढीचं, कोवळ्याला लॅम्ब म्हणतात. आपल्या मटणात बोकडही आला. परदेशातल्या नातेवाइकाने 'मटन' मागवलं आणि चव वेगळी लागली, असं कुणी सांगितलं तर कारण हे आहे.

इथे व्याकरणाची एक खूण धरून ठेवा. 'अ चिकन' असं लिहिलं असेल तर ती जिवंत किंवा अख्खी कोंबडी. 'सम चिकन' असेल तर मांस. मोजता येणारं आणि न मोजता येणारं यातला भेद इंग्रजी त्या एका अक्षराने करते. अन्नाच्या शब्दांत ही खूण फार वेळा उपयोगी पडते.

लिखाण कोणत्या काळातलं आहे

जुनं इंग्रजी वाचताना अर्थ आजचा धरायचा नाही. 'डिअर' या शब्दाचं हजार वर्षांपूर्वीचं रूप कोणत्याही जनावराला लागत असे. जर्मनमध्ये त्याचा भाऊशब्द 'टिअर' अजूनही सगळ्या प्राण्यांसाठी आहे. इंग्रजीत तो आकसला आणि हरणापुरता उरला. आपल्या 'मृग' शब्दाची हीच गोष्ट आहे. संस्कृतात मृग म्हणजे आधी रानातलं जनावर. म्हणून सिंह मृगेंद्र होतो आणि शिकारीला मृगया म्हणतात. पुढे मृग म्हणजे हरीण एवढंच राहिलं. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता तोच शब्द तशाच रीतीने छाटला. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा त्या रात्री मी बराच वेळ जागा होतो.

'फाउल' म्हणजे पूर्वी कोणताही पक्षी, आता कोंबडी-बदकं. 'हाउंड' म्हणजे कोणताही कुत्रा, आता शिकारी कुत्रा. उलटही झालं आहे. 'बर्ड' हे पूर्वी फक्त पिल्लू होतं, 'डॉग' ही बहुधा एक दांडगी जात होती, आणि दोन्ही शब्द पसरून आज सर्वसाधारण झाले. 'कॅटल' म्हणजे मुळात मालमत्ता, भांडवलाला इंग्रजीत जो 'कॅपिटल' शब्द आहे त्याच कुळातला. गुरंढोरं हीच संपत्ती होती. आपण पशुधन म्हणतो त्यात तोच विचार आहे.

आता 'मीट'. जुन्या इंग्रजीत मीट म्हणजे अन्न. १६११ सालच्या इंग्रजी बायबलात 'मीट ऑफरिंग' असा शब्द येतो. आमच्या शिकवणीतल्या एका मुलीने त्याचं 'मांसाचा नैवेद्य' केलं होतं. पण त्या प्रकरणातलं वर्णन वाचलं तर त्यात आहे बारीक पीठ, तेल आणि धूप. मांसाचा कण नाही. मिठाईला इंग्रजीत 'स्वीटमीट' म्हणतात आणि नारळाच्या खोबऱ्याला 'कोकोनट मीट', तो त्याच जुन्या अर्थाचा अवशेष. गोकाकचा करदंट किंवा बेळगावचा कुंदा कुठल्या इंग्रजी कागदावर स्वीटमीट म्हणून लिहिलेला दिसला तर घाबरायचं कारण नाही.

लिखाण कोणत्या मुलखातलं आहे

'कॉर्न' म्हणजे त्या त्या मुलखाचं मुख्य धान्य. इंग्लंडात गहू, स्कॉटलंडात ओट, अमेरिकेत मका. इंग्लंडात १८१५ ते १८४६ पर्यंत जे कॉर्न लॉ म्हणून कायदे होते, ते आयात होणाऱ्या गव्हा-बार्लीवरच्या जकातीचे होते. इतिहासाच्या वहीत 'मक्याचे कायदे' लिहू नये. आपल्या बाजारात मात्र स्वीटकॉर्न म्हणजे मक्याची कणसंच, कारण तो शब्द अमेरिकेकडून आला.

भाताचा विषय निघाला की मी एक तास त्यावरच घालवतो, आणि इथेही थोडा रेंगाळणार आहे. बेळगाव बासमतीचा वास ज्यांच्या अंगणात दरवळला आहे त्यांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही, फक्त इंग्रजीत लिहिताना तो हातातून निसटतो. शेतात ते भात असतं, गिरणीतून तो तांदूळ होऊन येतो, आणि ताटात पुन्हा तो भात. शेतातलं 'ते भात' नपुंसकलिंगी, ताटातला 'तो भात' पुल्लिंगी. भात पिकलं, भात शिजला. एवढ्याशा लिंगभेदाने मराठी अर्थ वेगळा ठेवते. कानडीत तीन सरळ वेगळे शब्द आहेत: भत्त, अक्की, अन्न. इंग्रजीत मात्र तिन्हींना 'राइस' म्हणता येतं. शेतातल्यासाठी आणि सालासकटच्या दाण्यासाठी 'पॅडी' असा वेगळा शब्द आहे, तो मलाय भाषेतून आलेला.

कर्जाच्या अर्जात, पीकविम्याच्या कागदावर किंवा सोसायटीच्या पावतीवर हे पाहून घ्यावंच लागतं. क्विंटलभर भात भरडलं की साधारण ६५ ते ६७ किलो तांदूळ निघतो. 'राइस, टेन क्विंटल' असं लिहिलं आणि पोत्यात भात असलं तर कागद आणि पोतं यांत तिसऱ्या हिश्शाचा फरक पडला. सरकारी आधारभाव भाताचा जाहीर होतो, तांदळाचा नाही. म्हणून सालासकट असेल तर 'पॅडी', सडून-भरडून झालं तर 'राइस', आणि शिजवलेला असेल तर 'कुक्ड राइस' असं पूर्ण लिहायची सवय लावून घ्या.

तिखटाचंही असंच. 'पेपर' हा इंग्रजी शब्द फिरत फिरत आला तो संस्कृत पिप्पलीवरून, म्हणजे आपल्या पिंपळीवरून. त्याचा अर्थ झाला मिरी. १४९२ साली कोलंबस मिरीच्या शोधात निघाला आणि भलत्याच किनाऱ्याला लागला. तिथे त्याला मिरची भेटली. तीही तिखट, म्हणून युरोपने तिलाही मिरीचंच नाव दिलं. आणि आपण काय केलं? मिरीवरून मिरची. कानडीनेही मेणसु म्हणजे मिरी आणि मेणसिनकाई म्हणजे मिरची असंच केलं. नव्या पाहुण्याला जुन्या ओळखीच्या माणसाचं नाव द्यायचं, ही तीनही भाषांची रीत. पण इंग्रजीत नाव वेगळं झालंच नाही, म्हणून पाककृती वाचताना गोंधळ होतो. चमच्याने मोजलेलं 'पेपर' म्हणजे मिरपूड. 'वन रेड पेपर' असं नगाने मोजलं असेल तर बहुतेक वेळा ती लाल ढोबळी मिरची. तिच्या जागी संकेश्वरी मिरची पडली तर पदार्थ पोरांना खाता येणार नाही. मोजता येणारं की न येणारं, ही मघाची खूण इथेही लागू पडते.

आपल्या भागात लाल तिखटाला, कांदा-लसूण घातलेल्या तिखटालाही चटणी म्हणतात. इंग्रजीतली 'चटनी' म्हणजे बऱ्याचदा आंब्याचा गोडसर मुरंबा, बाटलीतला. इंग्लंडातल्या हॉटेलात 'अनियन भाजी' मागवली तर कांद्याची भाजी येत नाही, कांदाभजी येतात. 'कर्ड' म्हणजे आपल्याकडे दही. बाहेर दह्याला योगर्ट म्हणतात, आणि कर्ड म्हणजे फाटलेल्या दुधाचा घट्ट भाग. 'लेडीफिंगर' आपल्याकडे भेंडी, बाहेर बोटासारखं लांब मऊ बिस्किट. 'बिस्किट' अमेरिकेत गेलं की पावासारखा मऊ पदार्थ होतो. 'चिप्स' इंग्लंडात बटाट्याच्या तळलेल्या गरम फोडी, अमेरिकेत आपले वेफर्स. हे सगळं पाठ करायची गरज नाही. पाककृती कुठली आहे ते आधी बघायचं, बस.

प्राण्यांच्या बाबतीत उलट अडचण येते, आपला एक शब्द आणि इंग्रजीचे दोन. आपला कोल्हा म्हणजे जॅकल. फॉक्स म्हणजे खोकड. गोष्टीच्या पुस्तकांनी फॉक्सला कोल्हा करून टाकलं ते गोष्टीपुरतं ठीक आहे, वनखात्याच्या अर्जात नाही. वाघ आला म्हणून गाव जागं होतं आणि निघतो बिबट्या, त्याला लेपर्ड किंवा पँथर म्हणायचं. अमेरिकेत पँथर म्हणजे वेगळंच जनावर, प्यूमा. खानापूर, चंदगडकडे उसात-भातात गवे येतात, त्यांना इंग्रजीत बायसन लिहितात. पण खरा बायसन अमेरिकेत आणि युरोपात. गव्याचं नेमकं नाव गौर. अमेरिकेत बायसनलाच 'बफेलो' म्हणतात, त्यामुळे तिथलं बफेलो म्हणजे म्हैस नव्हे. नुकसानभरपाईच्या अर्जात 'इंडियन गौर' लिहावं म्हणजे कुणाच्या गोठ्यातल्या जनावराशी घोळ होत नाही. भीमगडच्या जंगलातल्या अस्वलाला इंग्रजीत 'स्लॉथ बेअर' म्हणतात. १७९१ साली एका इंग्रज शास्त्रज्ञाने त्याला अमेरिकेतल्या स्लॉथ नावाच्या झाडावरच्या प्राण्याचा भाऊबंद समजून नाव दिलं होतं. चूक कळली, नाव राहिलं.

जोडशब्द फोडून बघू नका

'पाइनअ‍ॅपल' अ‍ॅपल नाही. जुन्या इंग्रजीत अ‍ॅपल कोणत्याही फळाला म्हणत, म्हणून कस्टर्ड अ‍ॅपल म्हणजे सीताफळ, वुड अ‍ॅपल म्हणजे कवठ, कॅश्यू अ‍ॅपल म्हणजे काजूचं बोंड. आपलं फळ जसं सीताफळ, रामफळ, जायफळात येतं तसं. 'बॉम्बे डक' म्हणजे बोंबील. 'स्वीटब्रेड' म्हणजे ना गोड ना ब्रेड, जनावराच्या आतल्या ग्रंथींचं मांस. हा शब्द शाकाहारी माणसाने ओळखून ठेवावा. 'मिन्समीट' बहुधा सुक्या मेव्याचं सारण असतं. 'हॉर्स ग्रॅम' म्हणजे हुलगे. त्यातलं ग्रॅम पोर्तुगीजांच्या दाण्याच्या शब्दावरून आलेलं आहे, वजनाचं नव्हे.

प्राण्यांवरून माणसाला बोललेलंही शब्दशः घेऊ नये. गरीब गाय म्हणणं आपल्याकडे मायेचं, इंग्रजीत बाईला 'काऊ' म्हणणं शिवी. तिकडचं घुबड शहाणं, आपलं अशुभ. 'चिकन' म्हणजे भित्रा.

कोणता कोश कशासाठी

आजचा अर्थ हवा असेल तर मोबाइलमधला कोणताही चांगला कोश चालतो, फक्त पहिला अर्थ उचलून पळू नका, शेवटपर्यंत वाचा. जुन्या इंग्रजी अर्थासाठी ऑक्सफर्डचा मोठा कोश. त्याचे भाग १८८४ पासून निघायला लागले आणि १९२८ साली तो पुरा झाला. त्यात प्रत्येक अर्थ कोणत्या सालापासून सापडतो ते दिलेलं असतं. मराठीकडून इंग्रजीत जायचं असेल तर मोल्सवर्थचा कोश, पहिली आवृत्ती १८३१, दुसरी वाढवलेली १८५७. भाताचा लिंगभेद तिथे स्पष्ट नोंदलेला आहे. कानडीसाठी किटेलचा १८९४ सालचा कोश. मोल्सवर्थ आणि किटेल दोन्ही इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. आपल्या भागात मोल्सवर्थ आणि किटेल शेजारी उघडून बसण्यासारखं सुख नाही.

वहीत प्रत्येक शब्दाला चार रकाने करा: शब्द, कुठे वाचला, तिथे काय अर्थ निघाला, आपल्याकडे त्याला काय म्हणतात. 'कुठे वाचला' हा रकाना कधीच मोकळा ठेवू नका.

नाती: शब्द नको, वाट लिहा

आता मावशींच्या कागदाकडे येतो.

इंग्रजीला नात्यांची नावं कमी आहेत, असं आपण म्हणतो. पूर्वी तसं नव्हतं. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत मामाला 'एआम' आणि काकाला 'फॅडेरा' असे वेगळे शब्द होते. आत्या आणि मावशीलाही वेगवेगळे होते. नॉर्मन राजवटीनंतर फ्रेंचमधून अंकल, आंट, कझिन, नेफ्यू, नीस आले आणि जुने शब्द विझले. गंमत अशी की अंकल हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थ काका नव्हे, मामा. अक्षरशः 'छोटा आजोबा', आईकडचा. आंट ज्यावरून आला त्या शब्दाचा अर्थ आत्या. कझिनच्या मुळाशी मावसभाऊ आहे. म्हणजे शाळेत आपण पाठ केलेलं 'अंकल म्हणजे काका' हे मुळाशी जाऊन पाहिलं तर उलटं आहे.

नेफ्यू लॅटिनमधल्या ज्या शब्दावरून आला त्याचा अर्थ नातू असाही होता. संस्कृत नप्तृ त्याच घराण्यातला, आणि त्यावरून आला आपला नातू. नेफ्यू आणि नातू हे लांबचे भाऊ आहेत. शेक्सपिअरने १६१६ साली केलेल्या मृत्युपत्रात आपल्या नातीला 'नीस' म्हटलं आहे. आजच्या अर्थाने वाचणारा तिला भाची किंवा पुतणी समजेल. अर्थ असा भटकत असताना जमिनीच्या कागदावर या शब्दावर विसंबून चालत नाही.

म्हणून रीत एकच. नात्याचं नाव लिहू नका, नात्याची वाट लिहा. मामा म्हणजे 'मदर्स ब्रदर'. काका म्हणजे 'फादर्स ब्रदर'. आत्या 'फादर्स सिस्टर', मावशी 'मदर्स सिस्टर'. भाचा 'सिस्टर्स सन', पुतण्या 'ब्रदर्स सन'. कुणी म्हणेल की हे पोरकट दिसतं. तसं नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याची मूळ इंग्रजी वारसांची यादी काढून पाहा. त्यात नेफ्यू नाही, अंकल नाही. 'ब्रदर्स सन', 'सिस्टर्स सन', 'फादर्स ब्रदर', 'मदर्स ब्रदर' अशीच नाती लिहिलेली आहेत. कायदा करणाऱ्यांना आपली घरं ठाऊक होती.

'ब्रदर-इन-लॉ' या एका शब्दात आपले मेहुणा, दीर, दाजी, साडू आणि नणंदेचा नवरा एवढे सगळे बसतात. 'सिस्टर-इन-लॉ'त वहिनी, नणंद, जाऊ, मेहुणी. दवाखान्याच्या फॉर्मवर 'रिलेशन विथ पेशंट' असं विचारलेलं असतं तिथे जाऊबाईंनी 'हजबंड्स ब्रदर्स वाइफ' लिहावं, साडूने 'वाइफ्स सिस्टर्स हजबंड'. जागा कमी पडली तर ओळीच्या वर लिहा, पण लिहा. जुन्या काळातल्या इंग्रजी कागदात 'फादर-इन-लॉ' म्हणजे सावत्र बापही असू शकतो. आणि कोर्टाच्या कागदात 'इश्यू' म्हणजे संतती.

कझिनबद्दल आपल्या भागात जास्तच काळजी घ्यावी लागते. मामाच्या मुलीशी लग्न करायची चाल इथे आहे. कित्येक घरांत सून सासूला आत्याबाई म्हणते, कानडीत तर आत्या आणि सासू दोघींना 'अत्ते' हा एकच शब्द. मामेबहीण आणि मावसबहीण यांच्यातला फरक आपल्याला पाळण्यापासून ठाऊक असतो, कझिन तो पुसून टाकतो. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात भाऊ-बहिणीच्या मुलांचं आपसातलं लग्न मनाईच्या नात्यांत धरलं आहे, मात्र दोघांच्या रूढीने ते चालत असेल तर त्याला मोकळीक आहे. म्हणून लग्नाच्या नोंदणीत 'कझिन' एवढंच न लिहिता 'मदर्स ब्रदर्स डॉटर' असं लिहून रूढीचा उल्लेख करावा. कझिन-ब्रदर, कझिन-सिस्टर हे आपले भारतीय शब्द, बोलताना चालतील, परदेशी पाठवायच्या कागदात नकोत.

व्याही आणि विहिणीला इंग्रजीत शब्दच नाही. कानडीत बीगरु आहे. इंग्रजीत 'सन्स फादर-इन-लॉ' किंवा 'डॉटर्स फादर-इन-लॉ' असंच लिहावं लागतं. तसंच दवाखान्यात 'सिस्टर' म्हटलं की नर्स आणि चर्चमध्ये 'फादर' म्हटलं की धर्मगुरू. शेजारच्या काकांना प्रेमाने अंकल म्हणत असलात तरी फॉर्मवर 'नेबर' लिहा.

मावशींचे कागद मी एकेक सोडवून पंख्याखाली वाळत घातले. नवीन प्रतिज्ञापत्रात 'नेफ्यू' काढून लिहिलं: 'सन ऑफ द डिसीज्ड्स यंगर सिस्टर'. खाली मराठीत 'मयताच्या धाकट्या बहिणीचा मुलगा, भाचा'. त्याखाली कानडीत 'तंगिय मग'. सोबत मावशींच्या माहेरच्या आडनावाचा शाळेचा दाखला जोडला, म्हणजे आडनाव कुठे बदललं ते दिसावं. मावशींनी तिन्ही ओळी बोट ठेवून वाचल्या, कानडीची जरा मोठ्याने वाचली, आणि सही केली. त्या खेपेला कागद परत आला नाही.